गजर वाजला नाही म्हणून घड्याळजीकडं आणलेले फोन

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त मधली आमच्या आईची गोष्ट तेवढी कापू नका.

तुमच्या पेपरात मोबाईलचं पान येतं ते मी आवडीनं वाचतो. नवीन कुठला फोन आला, कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती तास चालते, सगळं असतं. पण घेतलेल्या फोनवर पहाटेचा गजर नीट कसा लावायचा, लॉक कसं ठेवायचं, यावर एक चौकट सुद्धा मी आजवर बघितली नाही. आणि माझ्याकडं तर दिवसाला दोन-तीन माणसं नुसती त्याच कामासाठी येतात. गंमत म्हणजे माझं दुकान मोबाईलचं नाहीच, घड्याळ दुरुस्तीचं आहे, महाद्वार रोडच्या एका बोळात, वडलांपासूनचं. त्यांच्या काळात दोन चाव्यांची गजराची घड्याळं यायची, एक चावी वेळेची, एक गजराची, आणि त्याच्याही आधी म्हणे निम्म्या गावाचा गजर शाहू मिलचा भोंगाच होता. ती मिल शाहू महाराजांनी १९०६ साली काढली, आता भोंगा नाही की काही नाही. घड्याळं पण कमी झाली. पण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की गजर म्हटलं की घड्याळजी, म्हणून मग काउंटरवर फोन ठेवतात आणि म्हणतात, "मामा, ह्यो वाजत न्हाई, बघा जरा."

मी पण आधी हसायचो. दुरुस्त करायला काही नसतंच, फोन चांगला असतो, आत एक बटण कुठंतरी भलतीकडं असतं. बिल काय लावायचं ह्याचं? चहा सांगतो आणि बघत बसतो.

परवा तालमीतला एक पोरगा आला, सतरा-अठरा वर्षांचा, मान बैलासारखी. पहाटे चारला उठायचं असतं, सलग दोन दिवस उठला नाही म्हणून वस्तादांनी दोनशे जोर जादा मारून घेतले. फोन बघितला तर गजर चारचाच, पण वाराखाली काहीच निवडलेलं नाही. म्हणजे तो एकदा वाजतो आणि स्वतःच बंद होऊन बसतो, पोरगं समजतंय रोज वाजणार. वारांची गोल अक्षरं असतात ना खाली, ती दाबली की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. जोर मात्र मारून झाले होते.

असंच करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, ऊसाला पाणी द्यायला मध्यरात्रीनंतर उठून मोटर चालू करायची. ह्यांनी रात्री साडेबाराचा गजर लावला होता आणि तो वाजला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, हे जेवायला बसल्यावर. बारा वाजताचं एएम आणि पीएम भल्याभल्यांना चकवतं, रात्रीचे बारा एएम असतात हे मनाला पटतच नाही. त्यांना मी सरळ २४ तासांचं घड्याळ करून दिलं, सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ म्हणून असतं तिथं, आता ००:३० लावतात. म्हणाले रेल्वेवानी झालं की ओ. झालं तर झालं, पाणी तर वेळेवर जातंय.

आवाजाचं आणखी वेगळंच. लोकांना वाटतं फोनचा आवाज म्हणजे एकच आवाज. तसं नसतं. अँड्रॉइड फोनमध्ये रिंगचा वेगळा, गाण्या-व्हिडिओचा वेगळा आणि गजराचा वेगळा, अशा सहसा तीन पट्ट्या असतात. म्हणून फोन सायलेंटवर असला तरी गजर सहसा वाजतो, आणि उलट रिंग फुल असून गजर मुंगीच्या आवाजात वाजू शकतो. घरात पोरांनी कधी ती तिसरी पट्टी खाली ओढली कुणाला कळतंय. बाजूचं आवाजाचं बटण दाबलं की पट्ट्या दिसतात, घड्याळाचं चित्र असलेली वर करायची. अजून एक म्हणजे झोपेत चाचपडताना हेच बाजूचं बटण दाबलं जातं आणि काही फोनमध्ये त्यानं गजर स्नूझ होतो, म्हणजे थोड्या वेळापुरता गप्प बसतो. अँड्रॉइडच्या घड्याळात स्नूझ सहसा १० मिनिटांचा असतो आणि बदलता येतो, आयफोनला तर वर्षानुवर्षं ९ मिनिटांचाच होता, का नऊ कुणास ठाऊक. पहाटे दूध संस्थेत दूध घालायचं असलं तर दहा-दहा मिनिटं तीन वेळा म्हणजे संस्था बंद! त्या बटणाला स्नूझऐवजी नुसता आवाज कमी-जास्त करायचं काम नेमून देता येतं, घड्याळाच्याच सेटिंगमध्ये. आणि फोन पूर्ण बंद करून झोपणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, जुने नोकिया बंद असले तरी गजर द्यायचे, आताचे बहुतेक फोन देत नाहीत.

आता आईची गोष्ट.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गावाकडं असते पन्हाळा बाजूला, भावाजवळ. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी आणि रात्री जेवल्यावर बीपीची. दिवाळीत गेलो तेव्हा मी शहाणपणा करून तिच्या फोनवर गोळ्यांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप टाकलं. छान होतं, गोळीचं चित्र यायचं, घेतली का विचारायचं. आठवडाभर रोज वाजलं. मी पण दुकानात ऐटीत सांगायचो की आमच्या म्हातारीला मी डिजिटल केलीय. मग महिन्याभरानं भावाचा फोन, आईला घेरी आली, न्हाणीत पडली. हाड मोडलं नाही, नशीब. डॉक्टरांनी बीपी बघितला आणि विचारलं गोळी घेताय ना? पाकीट काढून मोजलं तर अकरा गोळ्या शिल्लक, ज्या नसायला पाहिजे होत्या.

मी काय केलं असेल? आईलाच बोललो. वाजतंय तर ऐकत जा की, फोन कशाला दिलाय. ती एवढंच म्हणाली, "वाजलंच न्हाई रे बाळा." आणि मी, गजराच्या घड्याळावर ज्याचं घर चाललं तो मी, फोनवर विश्वास ठेवला आणि तिच्यावर नाही.

रात्री फोन घेऊन बसलो. अ‍ॅप होतं जागेवर, वेळा बरोबर, आवाज बरोबर. पण फोननं त्या अ‍ॅपला झोपवलं होतं! बॅटरी वाचवायला. हे असं असतं की फोन बराच वेळ हलला नाही, स्क्रीन बंद राहिली, की अँड्रॉइड मागं चालणाऱ्या अ‍ॅपना गप्प बसवतो, २०१५ ला अँड्रॉइड ६ आलं तेव्हापासून हे आहे. त्यावर काही कंपन्या स्वतःचं आणखी कडक लावतात, वरती ढकलून अ‍ॅप बंद केलं की त्याला परत उठूच देत नाहीत. आणि आईला कुणीतरी शिकवलं होतं की वापरून झालं की सगळं वर ढकलून टाकायचं, बॅटरी टिकते. ती बिचारी रोज रात्री झाडलोट केल्यासारखं सगळी अ‍ॅपं झाडून झोपायची.

बरं एवढ्यावर भागत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ठरलेल्या मिनिटाला वाजायचं असेल तर अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते, अलार्म आणि रिमाइंडरची म्हणून, आणि १४ पासून नव्यानं टाकलेल्या बऱ्याच अ‍ॅपना ती आधीपासून दिलेली नसते, आपण जाऊन द्यावी लागते. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवायला पण विचारावं लागतं, आणि ते विचारणारी पाटी आली की आपली माणसं घाबरून 'नको' दाबतात. त्यात त्यांची चूक नाही, काहीही आलं तर नको म्हणा असं आपणच त्यांना शिकवलंय, फ्रॉडच्या भीतीनं.

ज्यांना असलं अ‍ॅप वापरायचंच आहे त्यांनी सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी असं जाऊन त्याच्यावरची बंधनं काढायची, आणि परवानग्या बघून घ्यायच्या. मी मात्र आईच्या फोनवरून ते अ‍ॅप काढून टाकलं आणि फोनबरोबर आलेल्या साध्या घड्याळात दोन गजर लावले. त्या घड्याळाला फोन शक्यतो झोपवत नाही, कारण ते त्याचं घरचं आहे ना. गजराला नाव देता येतं, तिथं मराठीत लिहिलं, 'थायरॉईड उपाशी' आणि 'बीपी जेवून'. दोन्हीला वेगळी ट्यून, सकाळचं आरतीच्या घंटेचं, रात्रीचं तिला आवडतं त्या भजनाचं. आता वाचायला चष्मा लागत नाही, आवाजावरून कळतं कुठली गोळी. बाकी चित्रंबित्रं काही नाही पण आज सहा महिने झाले, एक गोळी चुकली नाही. भाऊ महिन्याच्या शेवटी पाकीट मोजतो, तो नियम मात्र ठेवलाय.

लॉकचं मी थोडक्यात लिहिणार होतो पण तिथं पण मजा आहे. समोरच्या बोळात मिसळीचं हॉटेल, तिथून खाऊन लोक थेट माझ्याकडं येतात. फोन तिरका धरला की काचेवर कटाचा ठसा स्वच्छ दिसतो, वरच्या कोपऱ्यातून खाली आणि मग आडवा, म्हणजे इंग्रजी एल. मी न विचारता दोघा-तिघांचे पॅटर्न, म्हणजे ठिपके जोडून काढायची लॉकची खूण, ओळखून दाखवलेत, तोंडं बघण्यासारखी झाली. नऊ ठिपक्यांत तसे ३,८९,११२ पॅटर्न बसतात, पण माणूस त्यातला एल, झेड नाहीतर आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढणार. चार आकडी पिनचे १०,००० प्रकार, सहा आकडीचे १० लाख, आणि आपण टाकणार काय तर जन्मसाल किंवा गाडीचा नंबर. सहा आकडी घ्या आणि निदान गाडीचा नको, गाडी दारातच उभी असते.

हुपरीचे चांदीकाम करणारे एक काका येतात, त्यांचा वेगळाच प्रॉब्लेम. वर्षानुवर्षं घासून-पॉलिश करून बोटाच्या रेषाच झिजल्यात, रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा उठत नाही तसंच फोनला बोट लागत नाही. मुलानं फोन घेऊन दिला, बोट लावून दिलं आणि मुलगा पुण्याला गेला. पाच वेळा बोट लावलं की फोन पिन मागतो, पिन मुलाला माहीत. त्यांना मी डाव्या हाताची करंगळी नोंदवून दिली, कामात ती कमी झिजलेली असते, आणि तेच बोट परत दुसऱ्यांदा पण नोंदवलं, त्यानं ओळख जरा सुधारते. पण पिन पाठ करा म्हणून निक्षून सांगितलं. फोन रिस्टार्ट झाला की पहिल्यांदा पिनच लागतो, बोट चालत नाही, आणि अधूनमधून फोन आपणहून पण मागतो. बोटानं उघडायची सवय लागली की पिन विसरतोच माणूस. मग फॉरमॅट मारावा लागतो, फोटो गेले, नातवाचं बारसं गेलं, आणि फॉरमॅट मारल्यावर फोन आधीचा गुगलचा ईमेल विचारतो तो पण मुलालाच माहीत. असले तीन फोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

चेहऱ्यानं उघडायचं म्हणाल तर स्वस्तातल्या फोनमध्ये नुसता पुढचा कॅमेरा बघतो, तुमच्यासारखा दिसणारा कुणी उघडू शकतो असं तो फोन स्वतःच तिथं लिहून सांगतो, वाचतंय कोण.

एक गोष्ट मला खरंच खटकते. बाजाराला आलेले लोक माझ्याकडं फोन चार्जिंगला लावून जातात, विश्वास आहे म्हणून. फोन लॉक असतो. पण मेसेज आला की स्क्रीन उजळते आणि अख्खा मेसेज वरच दिसतो, ओटीपीसकट. मी काउंटरवर बसल्या बसल्या लोकांचे ओटीपी, बँकेतली शिल्लक, कुणाचं सोयरीकीचं जमलं आणि कुणाचं मोडलं सगळं वाचू शकतो. लॉक असून उपयोग काय मग? नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवर संवेदनशील मजकूर दाखवू नका असं काहीसं असतं, ते एकदा केलं की मेसेज आलाय एवढंच दिसतं, आत काय ते नाही. पेपरात फ्रॉडच्या बातम्या रोज येतात, १९३० वर फोन करा हे पण छापून येतं, ते बरोबरच आहे, पण पैसे गेल्यानंतरचं झालं ते. हे त्याच्या आधीचं आहे.

आणि लॉक एवढं पक्कं पण नको की चांगल्या माणसाला पण काही करता येऊ नये. गेल्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेत माझ्या मेव्हण्याचा फोन पडला. सापडला एका नारळवाल्याला, सज्जन माणूस, पण फोन लॉक आणि 'व्यत्यय आणू नका' वर, आम्ही इकडं फोनवर फोन लावतोय, त्याच्याकडं रिंगच नाही. गुलालात लाल झालेला फोन घेऊन तो दोन दिवस विचारत बसला की कुणाचा हो कुणाचा. शेवटी त्यानं मधेच सहज बघितला तेव्हा नेमका कॉल चालू होता म्हणून उचलला. आता लॉक स्क्रीनवर आपल्याला एक ओळ लिहिता येते, बहुतेक फोनला आहे, माझ्या फोनवर लिहिलंय 'सापडल्यास ह्या नंबरवर कळवा' आणि खाली घरचा नंबर. तसंच आणीबाणीची माहिती म्हणून भरता येतं, रक्तगट, कुठली ॲलर्जी, घरच्यांचे नंबर, ते लॉक न उघडता इमर्जन्सीवर दाबलं की दिसतं. हायवेवर काही झालं तर तेवढंच कामाचं. बरेच जण तिथं काही भरतच नाहीत. मेव्हण्याला मी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, पण लिहून ठेवायला लावला, *#०६# दाबलं की १५ आकडे येतात, कारण २०२३ च्या मे पासून देशभर चोरीचा फोन त्या नंबरावरून बंद करून घेता येतो, पोलिसात तक्रार देऊन. फोन चोरीला गेल्यावर हा नंबर शोधायचा तर खोकं लागतं, आणि खोकं बायकोनं बांगड्या ठेवायला घेतलेलं असतं.

तर साहेब, मागणं एवढंच की त्या मोबाईलच्या पानावर एक छोटा कोपरा ह्यासाठी ठेवा. नवीन फोनची बातमी कमी झाली तरी चालेल, सगळे फोन हल्ली दिसायला एकसारखेच आहेत. पण लिहिताना एक करा, मेनूतले शब्द मराठी फोनमध्ये जसे येतात तसे आणि इंग्रजीत येतात तसे, दोन्ही द्या, देवनागरीतच. बऱ्याच लोकांचा फोन मराठीत असतो आणि पोरं फोनवरून इंग्रजी नावं सांगतात, की डू नॉट डिस्टर्ब बंद कर, आणि आई इकडं शोधत बसते, तिच्या फोनवर 'व्यत्यय आणू नका' लिहिलेलं असतं. दुकानदारांना पण सांगा, फोन विकताना काच लावून कव्हर घालून देता तसं पाच मिनिटं बसवून गजर आणि लॉक गिऱ्हाईकाच्या हातानं करून घ्या, पोराच्या हातानं नको.

प्रश्नांची चिंता करू नका. काउंटरवर मी एक शंभर पानी वही ठेवलीय, लोक विचारतात ते लिहून घेतो, निम्मी भरलीय. सगळ्यात वरचा, कालचाच, कागलच्या एका आक्कांचा आहे. मालक झोपलेले असताना नातू त्यांचा अंगठा फोनला लावून गेम खेळतो, त्याला काय करायचं. मी त्यांना उत्तर दिलंय पण तुम्ही पण छापा, कारण शेजारच्या सराफाला हेच विचारायचं होतं पण तो लाजला.

आपला,
एक घड्याळजी
महाद्वार रोड परिसर, कोल्हापूर

ता.क. – आक्कांच्या त्या नातवाला थांबवायचं असेल तर आजोबांनी झोपायच्या आधी फोन एकदा बंद करून परत चालू करावा, मग पिन टाकेपर्यंत अंगठा चालत नाही. पण सकाळचा गजर त्यानंतर नीट वाजतो की नाही ते आपल्या फोनवर एक दिवस सुट्टीच्या सकाळी करून बघावं, आणि सिमकार्डाला पिन लावलेला असेल तर तो टाकेपर्यंत कॉल येत नाहीत हे पण लक्षात ठेवावं.